एक किलो ऐंशी ग्रॅम

माझं तासगाव तालुक्यात ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटण्या चालू होत्या, गिऱ्हाइकांची रीघ लागलेली, आणि तेवढ्यात बायकोचं बीपी वाढलं. गरोदरपणाचा 29वा आठवडा. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, लघवीत प्रथिनं सापडली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी बीपी दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, "मिरजेला न्या. घरी जाऊन पिशवी भरत बसू नका, इथूनच निघा." चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी सिस्टरकडून तिला एक इंजेक्शन द्यायला लावलं आणि त्याची वेळ चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ ओढली.

मिरजेच्या डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, "डेक्सा किती वाजता दिलं?" बीपीचा आकडाही त्यानंतर. डेक्सामेथासोन, साधं स्टेरॉइड, गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळतं. ते आईला द्यायचं, पण काम बाळाच्या फुफ्फुसावर करतं. बारा बारा तासांनी चार डोस. मिरजेत त्यांनी बीपीची औषधं आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू करून कशीबशी दोन दिवसांची उसंत मिळवली, ती हे डोस पूर्ण व्हावेत म्हणूनच. त्या दोन दिवसांत आम्हाला वाटत होतं की नुसतंच ताटकळत ठेवलंय. आज मला विचाराल, तर सगळ्या बिलात सर्वांत स्वस्त ओळ त्या इंजेक्शनची होती आणि सर्वांत मोलाचीही तीच.

ह्याचा शोध न्यूझीलंडमध्ये लागला, तोही मेंढ्यांवरून. ऑकलंडचे लिगिन्स नावाचे डॉक्टर प्रसूती नेमकी कशाने सुरू होते ह्याचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिल्यावर अगदी अपुऱ्या दिवसांची कोकरं जन्मली. ती श्वास घेऊच शकणार नाहीत अशी अपेक्षा होती, पण ती घेत होती. मग लिगिन्स आणि हॉवी ह्यांनी बायकांवर रीतसर चाचणी केली आणि 1972 मध्ये ती छापून आली. आमच्या भागातल्या एखाद्या धनगराला हे सांगितलं तर त्याला नवल वाटणार नाही, कोकराचा श्वास तो आधी बघतोच.

माझी आई मात्र वेगळ्या कारणाने निश्चिंत होती. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत न्हाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. बाळ सातव्यातच येतंय म्हणजे काळजी नाही! डॉक्टरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते हसले नाहीत, नीट समजावलं. पोटात काढलेला एकेक आठवडा जमेचाच असतो, आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा केव्हाही भक्कम. आईने मान डोलावली आणि बाहेर येऊन पुन्हा तेच सांगू लागली. मीही अडवलं नाही. तिला धरायला काहीतरी हवं होतं.

सिझेरियन झालं. मुलगी. वजन एक किलो ऐंशी ग्रॅम. मला ती दारातून नेताना दिसली ती प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यापर्यंत गुंडाळलेली, डोक्यावर टोपडं. क्षणभर पोटात खड्डा पडला. नंतर कळलं, मुद्दामच तसं करतात. इतक्या लहान बाळाची कातडी पापुद्र्यासारखी असते, अंगावरचं पाणी उडालं की बाळ मिनिटांत गार पडतं. म्हणून न पुसता तसंच स्वच्छ प्लास्टिकमध्ये घालतात आणि वॉर्मरखाली ठेवतात.

श्वास घेत होती, पण कण्हत. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडायचा. नाकात दोन बारीक नळ्या लावल्या. त्याला सीपॅप म्हणतात. हवेची एक नळी बाळाकडे, आणि बाळाकडून परत येणारी दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर खोल बुडवलेली. बाटलीत सारखं बुडबुड चाललेलं. सगळे पालक मॉनिटरकडे बघायचे, मी त्या बाटलीकडे. माझ्या धंद्यात पाण्याची उंची म्हणजेच दाब. टाकी किती फूट वर बसवली हे कळलं की खाली किती दाब मिळेल ते आम्ही तोंडी सांगतो. इथे तोच हिशेब उलटा केलेला. नळी पाच सेंटिमीटर बुडाली म्हणजे बाळाच्या फुफ्फुसात तेवढा दाब सतत राहणार, श्वास सोडल्यावरही फुफ्फुस पूर्ण मिटणार नाही. बुडबुडे थांबले म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा नाकाशी. हे मला दुसऱ्या दिवशीच इतकं पाठ झालं की एकदा बुडबुडे मंदावलेले दिसताच मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी नाकातली नळी नीट बसवली आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला नाइट ड्यूटी देऊ का?"

ही कल्पना सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी नावाच्या डॉक्टरांची, 1971 सालची. त्याआधी अशा बाळांना नुसता ऑक्सिजन देऊन वाट बघायची, नाहीतर त्या काळच्या ओबडधोबड व्हेंटिलेटरवर टाकायचं. आमच्या डॉक्टरांनी केनेडींचं सांगितलं. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे लवकर. वजन दोन किलोच्या वर. फुफ्फुसाच्या ह्याच आजाराने तो दोन दिवससुद्धा जगला नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीवरचा बाप, पण तेव्हा उपायच हातात नव्हता. "आणि तुमची पोरगी त्याच्या निम्म्या वजनाची आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता की सावध करायचं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या मुलाच्या जन्माच्या चार वर्षं आधी मेरी एलन एव्हरी ह्या डॉक्टरांनी कारण शोधून ठेवलं होतं. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक साबणासारखा पातळ थर असतो, सर्फॅक्टंट. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. कारण कळलं, तरी औषध यायला 1980 उजाडलं. जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुफ्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनळीत सोडलं आणि बाळं सावरली.

आमच्या बाळाचा ऑक्सिजन वाढवत न्यावा लागत होता, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की सर्फॅक्टंट द्यावं लागेल. कुपीची किंमत पाच आकडी. आणि हेही सांगितलं की ते जनावराच्या फुफ्फुसातून काढतात, काही घरांत त्यावरून अडतं. माझे वडील माळकरी. आयुष्यात अंडं शिवलेलं नाही. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. ते म्हणाले, "मला कशाला इचारताय? द्या की." तेवढंच. पूर्वी हे औषध देण्यासाठी मोठी नळी घालून व्हेंटिलेटर लावत. आता सीपॅप चालू ठेवूनच एका बारीक नळीतून हळूहळू सोडतात. आम्हाला आत जाऊ दिलं नाही. संध्याकाळी बघितलं तर खळगा कमी झाला होता आणि ऑक्सिजनचा आकडा खाली आणला होता.

एक अडचण गेली की दुसरी रांगेत असतेच. कावीळ झाली, निळ्या लाइटखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी. ते मी फार मनावर घेतलं नाही, कारण तिथल्या बहुतेक सगळ्याच बाळांना ते होत होतं. मग ती मधेच श्वास घ्यायची विसरायला लागली. खरंच विसरते, मेंदूला अजून ती सवय लागलेली नसते. अलार्म वाजायचा, सिस्टर तळव्याला टिचकी मारायच्या, की स्वारी पुन्हा चालू. त्यावर औषध काय, तर कॅफीन! चहा-कॉफीतलं तेच. रोज मोजून. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "मग जावईबापू, थोडी कॉफीच का न्हाई देत?" हसू आलं, पण प्रश्न वावगा नव्हता.

दुधाचं प्रकरण मात्र मला जन्मभर लक्षात राहील. पहिल्या दिवशीच सिस्टर बायकोच्या खाटेपाशी आल्या. ती सलाइनवर, बीपी अजून खाली आलेलं नाही. "आई, चीक काढायचाय. थेंबभर आला तरी चालेल, टाकायचा नाही." हाताने पिळून पिळून सिरिंजच्या तळाशी जेमतेम पिवळा डाग दिसला. बायको रडायला लागली, एवढ्यात काय होणार म्हणून. सिस्टरनी तो बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावला. नंतर दर दोन तासांनी एक मिलीलीटर, तोंडातून पोटात घातलेल्या नळीतून. माझ्याकडचा सगळ्यात लहान ड्रिपर तासाला दोन लिटर सोडतो. त्यापुढे हे प्रमाण कागदावर लिहायलासुद्धा लाज वाटावी इतकं. पण डॉक्टरांचा त्यात जीव अडकलेला असायचा. रोज किती वाढवायचं ते ग्रॅमवारी वजनावरून काढायचे, पोट फुगलंय का, हिरवं काही उलटून येतंय का ते बघायचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं सडण्याचा एक भयंकर आजार असतो आणि पावडरच्या दुधावर त्याचा धोका वाढतो. म्हणून आईचं दूध हे इथे औषधातच मोडतं.

सुरुवातीला बायकोचं दूध पुरेना तेव्हा दुसऱ्या आईचं दिलं, पेढीतलं. आमच्या घरात कुजबूज झाली, कुणाचं, कसलं. मी ती प्रक्रिया विचारून आलो. देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या, मग दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून गार करायचं, तपासायचं, गोठवायचं. आशियातली पहिली दूधपेढी आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये सुरू झाली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी पालिकेच्या रुग्णालयात ती उभी केली. गर्दी, अपुरी माणसं, पैसा नाही, अशा ठिकाणी त्यांनी पावडरचं दूध बंद करून आयांनाच बाळांच्या कामात सामील करून घेतलं. हे ऐकल्यावर माझ्या आईचा विरोध मावळला. "गावात पूर्वी भावजयीचं पाजत व्हतेच की," असं तिचं तिनेच काढलं.

ह्यात एक वाईट आठवडा गेला. दूध पचेना, रंग फिका पडला, दूध बंद, प्रतिजैविकं चालू. जंतुसंसर्ग. वजन किलोच्या खाली गेलं. त्या दिवसांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. दारातल्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुणं मी तेव्हापासून पूजेसारखं करायला लागलो आणि अंगठी, घड्याळ कायमचं घरी ठेवलं.

ती सावरल्यावर एका सकाळी सिस्टर म्हणाल्या, "बाबा, उद्या पुढून बटणं असलेला शर्ट घालून या. आंघोळ करून. कांगारू द्यायचाय." मला वाटलं बायकोसाठी काही निरोप असेल. तर नाही, माझ्यासाठीच होता. बायकोचे टाके दुखत होते, तिला दिवसभर बसवत नव्हतं, म्हणून आळीपाळीने. आरामखुर्चीत टेकून बसवलं, बटणं काढायला लावली, आणि नुसतं लंगोट-टोपडं घातलेलं ते पोर माझ्या उघड्या छातीवर बेडकासारखं पसरून ठेवलं. मान एका बाजूला वळवली, वरून कापड आवळून बांधलं. नाकातल्या नळ्या, पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारी सॅच्युरेशनची वायर, सगळं तसंच. वजन जाणवत नव्हतंच. जाणवत होतं ते एवढंच की तिचा श्वास माझ्या छातीच्या केसांत लागतोय. मी हलायला घाबरत होतो. थोड्या वेळाने मॉनिटरकडे बघितलं. एरवी खाली-वर नाचणारा आकडा एका जागी बसला होता. सिस्टर येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, ऑक्सिजनची खुंटी थोडी कमी केली.

मला आधी वाटायचं, गरीब रुग्णालयांत यंत्रं कमी म्हणून ही पद्धत निघाली असेल. निघाली तशीच. कोलंबियात, बोगोटा शहरात, 1978-79 च्या सुमारास एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ ह्या डॉक्टरांकडे बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत अनेक बाळं. पण आता ती नाइलाजाची गोष्ट राहिलेली नाही. 2021 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारत आणि आफ्रिकेतले चार देश. आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एक ते 1.8 किलोच्या बाळांना, तब्येत स्थिरावायची वाट न बघता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलं. पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला, कारण उरलेल्या बाळांना मुद्दाम आईपासून दूर ठेवणं पटेना. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. ह्यासाठी आईची खाट बाळाच्याच खोलीत लागते. आम्ही होतो तिथे तशी सोय नव्हती. आई खालच्या मजल्यावर, बाळ वर. मिरजेतच नव्हे, जिथे जिथे चौकशी केली तिथे बहुतेक हेच. लाखोंचं यंत्र घेतात, पण आईला एक खाट टाकायला जागा निघत नाही. हे मला पटलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर आले. डोळ्यांचं काय, असं मी विचारलंही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटातच कडेपर्यंत पसरत जातात आणि नवव्या महिन्याच्या अखेरीला कुठे पूर्ण होतात. मूल लवकर बाहेर आलं की ती वाढ अडते आणि मग वाहिन्या नको तिथे, वेड्यावाकड्या फुटतात, पडदा ओढून सुटा करतात. त्याला आरओपी म्हणतात. ऑक्सिजन जास्त झाला तर हे बळावतं. 1940 नंतरच्या दशकात श्रीमंत देशांत पेट्यांत सढळ हाताने ऑक्सिजन सोडत, आणि त्या काळात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली. चांगली सोय होती तिथेच हे घडलं. म्हणून आमच्या मुलीचा सॅच्युरेशनचा आकडा 95 च्या वर गेला की सिस्टर लगेच ऑक्सिजन उतरवायच्या. मला वाटायचं शंभर दिसला तर बरंच की. तसं नव्हतं.

तपासणी बघवत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब, पापण्या उघड्या धरणारी तार, तोंडात साखरेच्या पाण्याचा थेंब, आणि तरी किंकाळी. डॉक्टर म्हणाले, आजाराचा दुसरा टप्पा आहे, आठवड्याने बघू. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्यानंतरच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "लेझर करायचं. दोन दिवसांच्या आत." सीपॅप सुटून, दूध वाढून, आता घरी जायचं असं आम्ही धरून चाललो होतो. लेझरने पडद्याची ती बिनरक्ताची कड जाळून टाकतात, म्हणजे वेड्या वाहिन्या फुटायचं कारणच संपतं. कडेची थोडी नजर जाते, मधली वाचते. केलं.

तिथे बाकावर एक बाई भेटली होती. तिचं बाळ आमच्यासारखंच, पण चार महिन्यांचं. कुठल्याशा रुग्णालयातून वजन वाढल्यावर घरी सोडलं होतं, डोळ्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. बाळ नजर देईना म्हणून आणलं होतं. बाहुलीत पांढरं दिसत होतं, मलाही दिसलं. आत गेलेली ती पाच मिनिटांत बाहेर आली. आपल्याकडे दोन किलोच्या किंवा 34 आठवड्यांच्या खाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे, असा दंडक आहे. फार लहान असेल तर त्याच्याही आधी. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख नसेल तर तुम्हीच मागून घ्या.

घरी आणलं तेव्हा मुलगी दोन किलोलाही पोचली नव्हती. दूध बोंडल्याने, कारण ओढायची ताकद अजून यायची होती. आईने शेगडी, धुरी, बाळगुटी सगळी तयारी करून ठेवली होती. धुरी आणि गुटीवर मी काट मारली, तेल मात्र हलक्या हाताने लावू दिलं. पाहुण्यांना दारातूनच चहा. बारसं पुढे ढकललं म्हणून आत्या रुसली, अजून पूर्ण मानलेली नाही.

गावातली आशाताई ठरलेल्या दिवशी यायची, वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन, श्वास मोजून वहीत लिहायची. घरोघर जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आली आपल्या गडचिरोलीहून. डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून हे काम करून दाखवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले, ते 1999 मध्ये छापून आलं. आमच्या आशाताईला हे आकडे माहीत नव्हते. "मॅडमनी ट्रेनिंगमध्ये पोट मोकळं ठेवून श्वास मोजायला शिकवलंय," एवढंच ती म्हणाली, आणि तेवढं ती चोख करायची. एकदा पाय गार लागले तर तिने माझ्या बायकोलाच दटावलं आणि समोर बसून बाळ छातीला बांधायला लावलं.

अंगणवाडीत मात्र दर महिन्याला वाद. वाढीच्या तक्त्यावर सेविकाताई जन्मतारखेने ठिपका टाकतात, मग मुलगी लाल पट्ट्यात जाते. दोन वर्षांची होईपर्यंत वाढ बघताना ठरल्या दिवशी जन्मली असती ती तारीख धरायची, लस मात्र खऱ्या जन्मतारखेने. हे मी फाइलमधला कागद दाखवून समजावतो. सेविकाताई म्हणतात, "दादा, रजिस्टरला एकच रकाना आहे." त्यांचंही बरोबर आहे. मग त्या पेन्सिलने बाजूला दुसरा ठिपका काढतात.

ऐकू येण्याची तपासणी ठीक निघाली. टाळूतून केलेली मेंदूची सोनोग्राफीही. चष्मा लागेल असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, लेझर झालेल्यांना बऱ्याचदा लागतो. पुढची तारीख मेमध्ये आहे. एप्रिल छाटणीची गर्दी तोवर उरकलेली असते, दुकान वडिलांवर टाकून जाता येतं.